बाबांना बीपीच्या ट्रायलमध्ये घेणार आहेत. नेमकं काय तपासतात, आम्ही काय विचारावं?

चरईकर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण आठ दिवसांत हो की नाही ते कळवायचं आहे.

बाबा ६७ वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बीपी बारा-तेरा वर्षांपासून. सध्या तीन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी. तरी दवाखान्यात पट्टा बांधला की वरचा आकडा १६०च्या खाली येत नाही. मागच्या महिन्यात १६८/९२ होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना विचारलं, नव्या गोळीची ट्रायल चालू आहे, येता का?

मराठीतलं २६ पानी संमतीपत्र घरी दिलंय. मी दोनदा वाचलं. दोन जागी अडलोय. एक, "अल्डोस्टेरॉनच्या पातळीत होणारा बदल, रक्तातील पोटॅशियम आणि हृदयाच्या विद्युत क्रियेवरील परिणाम तपासला जाईल." दुसरं, "आपणांस औषध अथवा औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली जाईल." आधीच्या तिन्ही गोळ्या चालूच राहणार आहेत, ही चौथी त्यावर.

बाबा तयार आहेत. म्हणतात, आपल्याला नाही तर पुढच्या कुणाला उपयोग होईल. आई म्हणते, खोटी गोळी द्यायची तर एवढ्या लांब बोलवायचं कशाला. पुण्याहून भावाचा फोन, बाबांवर प्रयोग करू देऊ नकोस. मी मधे अडकलोय. या क्षेत्रातलं कुणी असेल तर कृपया लिहा.

उपवन

वाचतोय. माझ्या सासऱ्यांनाही असंच विचारलं होतं, आम्ही घाबरून नाही म्हटलं. लंडनमध्ये ट्रायलचं औषध घेऊन मरणाच्या दारात गेलेल्या त्या सहा जणांची बातमी तेव्हा डोक्यात होती.

नेरूळचे मास्तर

चरईकर, मी तीस वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवलं. तुमचे दोन्ही प्रश्न अगदी मुळावरचे आहेत.

आधी अल्डोस्टेरॉन. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी. तिथे हे संप्रेरक तयार होतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, मीठ धरून ठेव आणि पोटॅशियम सोडून दे. मीठ राहिलं की पाणी राहतं, पाणी राहिलं की दाब वाढतो. तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीत पुष्कळदा हेच संप्रेरक जास्त काम करत असतं. २०१५ साली ब्रिटनमधला पाथवे-२ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशाच रुग्णांना आधीच्या औषधांवर जोड म्हणून तीन वेगवेगळी औषधं आणि एक निष्क्रिय गोळी, प्रत्येकी बारा आठवडे, आळीपाळीनं दिली. अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन सगळ्यांत सरस ठरलं. तेव्हापासून या वाटेवर नवी औषधं शोधली जात आहेत. तुमच्या बाबांची गोळी बहुधा त्याच वाटेवरची.

आता याच साखळीचं दुसरं टोक बघा. अल्डोस्टेरॉनला अडवून मीठ बाहेर जायला लागलं की पोटॅशियम आत राहायला लागतं. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ असावं. ६च्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ईसीजीत टी नावाची लाट तंबूसारखी टोकदार होते. म्हणून दर भेटीत पोटॅशियम आणि ईसीजी. दाब कमी करणारी आणि धोका आणणारी क्रिया एकच आहे, म्हणून दोन्ही एकाच वेळी मोजावी लागतात.

निष्क्रिय गोळीबद्दल रात्री लिहितो. आईंचा प्रश्न सोपा नाही.

पारसिकच्या पायथ्याशी

मी आठ वर्षं नवी मुंबईत ट्रायल कोऑर्डिनेटर होते. मास्तरांनी पोटॅशियमचं सांगितलंच आहे, मी घरातलं विचारते. तुमच्याकडे मीठ कोणतं वापरता?

बीपी आहे म्हणून पुष्कळ घरांत लो सोडियम मीठ येतं. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. एरवी ठीक, पण अशी गोळी चालू असताना ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. रोजचं शहाळंही सांगा. माझ्याकडे एक आजी यायच्या, त्यांचं पोटॅशियम दोन भेटींत चढलं. औषधांची यादी तीनदा तपासली, काही सापडेना. शेवटी मी त्यांच्या सुनेला घरून मिठाची पिशवी आणायला सांगितलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. आम्ही औषधं विचारत होतो, आणि मिठाला कुणी औषध म्हणत नाही.

आणि गोळ्या परत मोजल्या जातात. रिकामी पाकिटं फेकू नका, भेटीला बरोबर न्या. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर चुकली म्हणून सांगा. लोक संकोचानं लपवतात, मग औषधाचा परिणाम खोटा दिसतो.

नेरूळचे मास्तर

आईंना असं सांगा. माणसाचं बीपी औषधाशिवायही उतरतं. नीट लक्ष दिलं जातंय, दर पंधरा दिवसांनी कुणी मोजतंय, जेवणात मीठ जपून घातलं जातंय, एवढ्यानंही उतरतं. मग नव्या गोळीनं उतरलं की या सगळ्यानं, हे ओळखायचं कसं?

अमेरिकेत सिम्प्लिसिटी-३ नावाची ट्रायल झाली, २०१४ साली निकाल आला. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत नळी घालून तिथले मज्जातंतू जाळायचे, म्हणजे दाब उतरेल, अशी कल्पना. आधीच्या लहान अभ्यासांत आकडे भरघोस उतरले होते. या वेळी ५३५ रुग्ण घेतले आणि त्यांतल्या काहींवर फक्त उपचाराचा देखावा केला, मज्जातंतूंना हात लावला नाही. सहा महिन्यांनी खऱ्या उपचारात वरचा आकडा सुमारे १४नं उतरला होता आणि देखाव्यात सुमारे १२नं. तुलनेचा गट नसता तर ते १४ पाहून सगळे खूश झाले असते.

बाबांच्या तीन गोळ्या बंद करून निष्क्रिय गोळी दिली असती तर मीच तुम्हाला नको म्हटलं असतं. इथे चालू उपचार तसेच राहणार आहेत. हा फरक मोठा आहे.

घणसोली सेक्टर ७

मास्तर, तुमचं सगळं पटतं, पण मी दुसऱ्या बाजूनं गेलोय, ते लिहितो.

मी २४ वर्षांचा होतो, नोकरी गेली होती. एका केंद्रात निरोगी माणसांवर बीपीच्या गोळीचा अभ्यास होता. दोन रात्री मुक्काम, हातात सुई लावून ठेवलेली, ठरलेल्या वेळी रक्त घ्यायचे. रात्री साडेअकराला कागद समोर ठेवले, इंग्रजीत. सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. प्रत मिळाली नाही. सकाळी उपाशीपोटी गोळी दिली. तीनेक तासांनी मी पलंगावरून उठून बाथरूमला गेलो आणि दारातच पडलो. भुवईवर टाके पडले. टाके घातले, पैसे दिले, घरी पाठवलं. का पडलो ते मला कुणी नीट सांगितलं नाही. झोपून उठताना दाब उतरू शकतो, हळू उठा, एवढं एक वाक्य कुणी आधी बोललं असतं तरी चाललं असतं.

केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पण चरईकर, तुम्ही २६ पानं घरी आणून दोनदा वाचलीत, हेच मला मिळालं नव्हतं.

नेरूळचे मास्तर

घणसोली, हे वाचून वाईट वाटलं. तुमच्या बाबतीत जे झालं ते पूर्ण टाळता येण्यासारखं होतं. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. निरोगी शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, ठोके वाढवतं. ही प्रतिक्रिया इतकी पटकन होते की आपल्याला कळतही नाही. बीपीची काही औषधं नेमकी हीच बोथट करतात. म्हणून अशा अभ्यासात पाच मिनिटं झोपवून दाब घेतात, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडला तर ती दखल घेण्याजोगी घट. तुमच्या शरीरानं जे दाखवलं ते त्या अभ्यासाचं निरीक्षण होतं. ते लिहिलं जायला हवं होतं आणि तुम्हाला समजायला हवं होतं.

खाडीपलीकडे

मी डॉक्टर नाही. ठाण्यात शाळेत मराठी शिकवत होते. निवृत्तीनंतर एका एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून बसते. लोकांना माहीत नसतं म्हणून लिहिते.

२०१९च्या नव्या औषधांच्या आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांप्रमाणे कमिटीत किमान सात जण लागतात. निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत. कायदा जाणणारं कुणी, किमान एक स्त्री आणि माझ्यासारखं एक साधं माणूस असावंच लागतं. कमिटीच्या मंजुरीशिवाय एकाही रुग्णाला घेता येत नाही. गंभीर काही घडलं तर डॉक्टरांनी २४ तासांत कळवायचं असतं, कमिटीला, कंपनीला आणि सरकारी नियंत्रकाला. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाईसुद्धा.

माझं काम मुख्यतः भाषेचं. एका संमतीपत्रात होतं, "हृदयलयीसंबंधी अनपेक्षित प्रतिकूल घटना उद्भवू शकतात." मी म्हटलं, हे वाचून माझ्या शेजारणीला काय कळणार? तास घालवून लिहून घेतलं, "छातीत धडधड होणे, ठोका चुकल्यासारखे वाटणे, चक्कर येऊन पडणे. असे झाल्यास ताबडतोब या क्रमांकावर फोन करा." काही सदस्यांना वाटलं लोक घाबरतील. मला वाटतं, रात्री दोन वाजता छातीत धडधडलं तर माणसाला ते वाक्य आठवायला हवं.

घणसोली, संमतीपत्र माणसाला कळेल त्या भाषेत हवं आणि सही केलेली प्रत त्याला द्यायलाच हवी. तुमच्यावर अन्याय झाला. चरईकर, शेवटच्या पानांवर कमिटीच्या सचिवांचा फोन असतो. तो तुमच्यासाठीच असतो, जरूर वापरा. कधीही कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यानं नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये, हे वाक्य आहे का तेही बघा.

पारसिकच्या पायथ्याशी

आणि सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. २००९च्या जूनपासून देशातल्या औषधांच्या ट्रायल तिथे आधी नोंदवाव्या लागतात. क्रमांक टाकला की कोण करतंय, किती रुग्ण, मुख्य मोजमाप काय, सगळं मोफत दिसतं.

चरईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमांक मिळाला, सापडलं. मुख्य मोजमाप: बारा आठवड्यांनंतर २४ तासांच्या सरासरी बीपीतला फरक. आणि हो, घरात लो सोडियम मीठच आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून आणलं होतं. आई पिशवी हातात घेऊन बसलीये.

एक शंका राहतेच. आकडा उतरला म्हणजे औषध चांगलं, असं धरायचं का?

नेरूळचे मास्तर

नाही धरायचं. यासाठी मी दरवर्षी वर्गात एकच गोष्ट सांगायचो.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर काहींच्या हृदयात अवेळी ठोके पडतात. असे ठोके ज्यांना जास्त, त्यांचे मृत्यूही जास्त, हे माहीत होतं. मग ठोके थांबवणारी औषधं दिली तर माणसं वाचतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ईसीजीवर सुंदर काम करत. अवेळी ठोके जवळजवळ नाहीसे. डॉक्टर ती सर्रास देत होते. शेवटी कास्ट नावाची ट्रायल झाली, निष्क्रिय गोळीशी तुलना करून. औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. पहिला निष्कर्ष १९८९ला आला आणि ट्रायलचा तो भाग मधेच थांबवावा लागला. ईसीजीच्या कागदावरची रेघ सुधारत होती आणि माणसं जात होती. त्या काळात मीही शिकवत होतो. तो निकाल छापलेला अंक हातात घेऊन वर्गात गेलो, त्या दिवशी मुलं बराच वेळ काही बोलली नाहीत.

बीपीबाबत मात्र अनेक दशकांचा पुरावा आहे की दाब उतरवला की पक्षाघात आणि हृदयविकार कमी होतात. म्हणून इथे आकड्यावर बराच भरवसा ठेवता येतो. तरी नव्या औषधाचं खरं मोल मोठ्या, लांब अभ्यासांतच ठरतं.

उपवन, लंडनचं तुम्ही काढलंत, ते २००६चं. टीजीएन १४१२ नावाचं औषध माणसाला पहिल्यांदाच दिलं जात होतं. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढीच मात्रा होती. तरी सहाही जणांची प्रतिकारशक्ती एकदम भडकली आणि अवयव बंद पडू लागले. सहाही वाचले, पण फार सोसून. चूक ही की सहा जणांना काही मिनिटांच्या अंतरानं एकामागोमाग औषध टोचलं. त्यानंतर रीत बदलली, आधी एकाला देतात, वाट बघतात, मग पुढचा. तुमच्या सासऱ्यांना विचारलं ती बहुधा बरीच पुढच्या टप्प्यावरची ट्रायल असणार.

आणि ठाणेकरांना सांगावंसं वाटतं, बीपीच्या ट्रायलचा इतिहास आपल्या दाराशी आहे. परळच्या केईएमशी निगडित असलेल्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या ट्रायलचा निबंध छापला. आपल्याकडच्या वैद्यांना शतकानुशतकं माहीत असलेली मुळी. तिचा रक्तदाबावरचा परिणाम त्यांनी रुग्णांवर मोजून जगासमोर मांडला. पुढे १९५२ला त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि १९५७ला वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. तेच रिसर्पिन घेणाऱ्या काहींना खोल उदासी आल्याच्या नोंदीही निरीक्षणातूनच झाल्या. आज ज्या गोळ्या आपण डोळे मिटून घेतो, त्यांच्यामागे कुणाचे तरी बाबा पट्टा बांधून बसले होते.

चरईकर

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

बाबांनी सही केली. आईसमोर, घरी आणून, प्रत्येक पान वाचून. भावाला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. त्यालाही मास्तरांची पोस्ट वाचून दाखवली.

पहिल्या भेटीत तपासण्या. २४ तासांची लघवी जमा करायची, पहाटेची पहिली सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. डबा घेऊन ठाण्याहून नेरूळला लोकलनं जायला बाबांना संकोच वाटत होता, मी बरोबर गेलो. मग दंडाला पट्टा आणि कमरेला छोटं मशीन. दिवसा दर वीस मिनिटांनी, रात्री दर तासाला आपोआप फुगतं. फुगताना हात सैल आणि स्थिर ठेवायचा. परतताना ऐरोलीला गर्दी चढली आणि नेमकं त्याच वेळी फुगलं. बाबांनी वरची कडी सोडून हात खाली धरला, मी त्यांना दुसऱ्या बाजूनं धरून उभा राहिलो. डोळे मिटून उभे होते. वहीत लिहिलं: ६.४०, लोकल, उभा. रात्रभर त्यांना झोप नव्हती, असं ते म्हणतात. मशीन म्हणतं, झोपले होते.

चार दिवसांनी फोन आला. बाबांना घेता येणार नाही. रुग्णालयात त्यांचं १६६/९० होतं, पण २४ तासांची सरासरी १२४/७४. रात्री ११२/६६. ट्रायलसाठी सरासरी १३०च्या वर हवी होती. कोऑर्डिनेटर म्हणाल्या, याला स्क्रीन फेल म्हणतात. आई फेल शब्दानं घाबरली. डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं, की डॉक्टरांसमोर आलं की यांचा दाब चढतो, घरी ठीक असतो, तीन गोळ्या पुरेशा आहेत. उभं करून मोजलं तेव्हा वरचा आकडा २४नं पडला. देवपूजेहून उठताना बाबा भिंतीला हात लावतात, ते आम्ही वयावर घालत होतो. घणसोली, तुमची पोस्ट वाचली नसती तर मी डॉक्टरांना ते सांगितलंच नसतं. नेहमीच्या डॉक्टरांनी आता एका गोळीचा डोस अर्धा केलाय.

बाबा दोन दिवस खट्टू होते. आपला उपयोग झाला नाही म्हणत होते.

पारसिकच्या पायथ्याशी

बाबांना सांगा, उपयोग झाला. किती जणांना तपासलं आणि कुणाला का घेतलं नाही, हे सगळं अहवालात जातं. त्यांना चौथी गोळी दिली असती तर ते घरी पडले असते, आणि ते औषधाच्या नावावर चुकीचं लागलं असतं.

घणसोली सेक्टर ७

बाबांना नमस्कार सांगा. उठताना आधी पलंगाच्या कडेला एक मिनिट बसायला सांगा. मी अजून तसंच करतो.

चरईकर

सांगितलं. बसतात आता.

शेवटचा प्रश्न. डॉक्टरांनी घरी मोजायला सांगितलंय. मशीन दंडाचं घ्यावं की मनगटाचं? मेडिकलवाल्यांकडून दोन दिवस दंडाचं आणलं होतं, तेव्हा सहज आईलाही पट्टा बांधला. १५४ आला. दुसऱ्या दिवशी सकाळीही १५२.

नेरूळचे मास्तर

दंडाचं घ्या. पट्टा दंडाच्या मापाचा बघून घ्या, लहान पडला तर आकडा खोटा चढतो. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर, मधे बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा. आईंचं सकाळ-संध्याकाळ सात दिवस मोजा, वहीत लिहा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मिठाची पिशवीसुद्धा बरोबर न्या.